तुळशीतलं अर्थिंग

आमचा मांगर बघायला कोणी आलं की मी त्यांना आधी चक्की दाखवत नाही. आधी न्हाणीघराच्या मागे नेते आणि सिमेंटचं एक चौकोनी झाकण दाखवते. झाकणाला कडी आहे. ती धरून उचललं की आत एक पाइप, त्याला बोल्टने आवळलेली जाड पट्टी आणि ओली काळी माती दिसते. पाहुण्याचा चेहरा पडतो. एवढं चालत आणलं म्हणजे काहीतरी बघण्यासारखं असेल, असं त्याला वाटलेलं असतं. मग मी सांगायला लागते, आणि सांगून होईपर्यंत बहुतेकांना आपापल्या घरच्या वायरी आठवायला लागतात.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमची वाडी रत्नागिरी आणि लांज्याच्या मधे, कातळावर. नवरा मुंबईला नोकरीला; गणपतीला आणि शिमग्याला घरी. बाकीचं वर्ष घरात मी आणि सासूबाई. घरामागे मांगर होता, म्हणजे अडगळीची शेड. त्यात आधी गवत, सरपणाची फाटी, मोडकं जोत असं सगळं पडलेलं असे. मला रिकामी जागा दिसली की चैन पडत नाही. वाडीतला प्रत्येक माणूस मुंबईला परत जाताना पिशवीतून कुळथाचं पीठ आणि भाजणी नेतो, हे मी दोन-तीन गणपतींत बघून ठेवलं होतं. कोण कधी जातं, कोणाला किती लागतं, याची यादी केली, मांगर झाडून घेतला, वर पत्रे घातले आणि चक्की बसवली.

पीठ माझ्या चक्कीचं, पण नाव झालं ते सासूबाईंच्या भाजण्यामुळे. कुळीथ त्या मातीच्या खापरात भाजायच्या, हाताने उलटेपालटे करत. कधी काढायचे ते त्यांना वासावरून कळायचं. मी एकदा वेळ लावून भाजून बघितले. "जनावरांना घाल," एवढंच म्हणाल्या. त्यामुळे मांगराचं काम त्यांच्या हातावर उभं होतं, आणि हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

मांगरातली वायर घरातून ओढलेली होती. अर्थिंगची तिसरी वायरही चक्कीला लागली होती, पण जमिनीत जायचं तिचं टोक नुसतंच लोंबत होतं. वायरमनने मांगराच्या कडेला पहार मारली, ती कातळावर आपटून त्याच्याच हातात परत आली. "वैनी, इथे सुरुंग लावायला लागेल," म्हणून तो हसला, आणि ते काम पुढच्या खेपेवर गेलं. माझ्या यादीत 'अर्थिंग' हा शब्द बरेच महिने एकाच जागी बसून होता.

मग आश्विनात परतीचा पाऊस आला. आमच्याकडे जूनचा पाऊस नुसता कोसळतो. विजा खऱ्या घाबरवतात त्या भातकापणीच्या वेळी. दुपारी ऊन, आणि तासाभरात डोंगरामागून काळं. सासूबाईंची रीत अशी, की गडगडायला लागलं की त्या कोयती अंगणात फेकायच्या. विजेला लोखंड दाखवलं की ती लोखंडाकडे जाते, घराकडे येत नाही, असं त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं. त्या दिवशी त्यांनी कोयती फेकली आणि मांगराकडे तोंड करून ओरडल्या, "जेवायला या गो! पिठी गार होतेय!" मी आणि कामाला येणारी शेजारीण चक्की बंद करून घरात आलो. पानावर बसतो न बसतो तोच असा आवाज झाला की भांड्यांवरची झाकणं हलली.

वीज मांगरालगतच्या माडावर पडली होती. माडाचा शेंडा जळत होता. मांगरातला बोर्ड काळा पडलेला, वायर भिंतीवरून सुटून आलेली आणि मोटार जळाल्याचा वास. आम्ही दोघी जिथे उभ्या राहून पीठ चाळायचो, तिथे चाळण पालथी पडली होती.

सासूबाईंनी अंगणातली कोयती उचलली, पदराला पुसली आणि मला म्हणाल्या, "आता मांगरात ईज नको."

"आई, मोटार भरून आणते. वायर नवीन घालू."

"घाल. पण मी पाय ठेवणार नाय. माज्याबिगर तुजे कुळीथ कोण भाजतं तेपण बघतंय मी."

एवढं बोलून त्या पिठी गरम करायला गेल्या. वाद घालायला जागाच ठेवली नाही. मांगर चालू राहणार की परत त्यात गवत भरणार, हे आता त्यांच्या होकारावर होतं.

मी वाद घातलाही नाही. रत्नागिरीला जाऊन मोटारीचं जळकं वाइंडिंग नव्याने भरायला टाकलं. दुकानात, वीज बोर्डाच्या कचेरीत, जिथे माहीतगार भेटेल तिथे विचारत सुटले. वीज पडते ती कशावर, पत्र्याच्या छपरावर काय करायचं, अर्थिंगला ओली माती का लागते. घरी आल्यावर ते सासूबाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं.

"आई, तुम्ही कोयती अंगणात टाकता ना? ती आपण छपरावर कायमची उभी करू या. छपराच्या वर लोखंडाची उंच सळी. तिला पट्टी जोडायची आणि ती पट्टी खाली जमिनीत न्यायची. वीज आली तर सळीवर येईल आणि पट्टीवरून मातीत जाईल."

त्यांनी सुपातल्या कुळथातले खडे काढता काढता विचार केला. "म्हंजे कोयती फेकायला माणूस घरात नसला तरी चालेल."

"हो."

"आणि चक्कीची ईज?"

"चक्कीच्या अंगावर वीज उतरली, तर तिलापण तशीच वाट करून द्यायची. मातीत."

"मग आधी माती बघ," त्या म्हणाल्या. "माती मिळाली तर कर. नाय मिळाली तर गवत भरायचं."

वायरमनला मी ठरवून दिलेला दिवस त्याने पाळला नाही. एक दिवस आधीच आला. मी डबे आणायला लांज्याला गेले होते. संध्याकाळच्या एसटीने परत आले तेव्हा काम होऊन गेलेलं होतं. सळीचं सामान अजून यायचं होतं, पण चक्कीचं अर्थिंग त्याने करून टाकलं होतं. वायर मांगरातून निघाली होती, अंगणाच्या कडेने गेली होती आणि नुकत्याच रंगवलेल्या तुळशीवृंदावनात शिरली होती.

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, एकदम खूष.

"त्याला कुठे माती मिळेना," त्या म्हणाल्या. "पहार मारून मारून दमला मेला. मग मीच म्हटलं, बाराही म्हयने वली माती एकाच जागी हाय. रोज मी पाणी घालतंय."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, काकी, तुम्ही तर बोर्डात पाहिजेत. मग त्याने त्या वायरीला बल्बचा दिवा लावून दाखवला. लागला दिवा."

त्या दोघांनी किती सरळ विचार केला होता! अर्थिंगला ओली माती हवी, आणि घरातली सगळ्यात ओली माती तुळशीतली. मलाही पटलं. शिवाय तुळशीत जागा देऊन सासूबाईंनी होकार दिला होता, तो मोडायचं माझ्या जिवावर आलं. मोटार भरून आली, चक्की बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी लवकर दळण सुरू केलं. तुळशीचं लग्न जवळ आलं होतं, लग्न लागलं की दिवाळीला आलेले मुंबईकर परत जाणार. पीठ तयार हवं होतं.

त्यानंतर दोन-चार दिवस सासूबाई जरा निराळ्या वागायला लागल्या. आंघोळ करून तांब्या घेऊन तुळशीकडे जायच्या त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे उभ्या राहायच्या. परत येताना उजवा हात डाव्या हाताने धरलेला. विचारलं तर हसायच्या. एका सकाळी मी चक्कीवर होते. अंगणात सासूबाईंच्या बरोबर शेजारीणही दिसली, हळदकुंकवाची वाटी घेऊन. चक्कीच्या आवाजातूनही तिची किंकाळी मला ऐकू आली.

"अगो बाय!"

मी चक्की तशीच चालू टाकून धावले. शेजारीण दोन पावलं मागे सरकून हाताकडे बघत होती. "मुंग्या आल्या गो! खरंच आल्या!"

"मी सांगितलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुळस जागी झालीय. लग्न जवळ आलंय ना तिचं. पाणी घालताना मला रोज कळतं."

ओल्या अंगाने, अनवाणी, तांब्याच्या तांब्यातून पाणी घालणारी माझी सासू. मांगरात जाऊन टेस्टर आणला आणि तुळशीच्या मातीत टेकवला. त्यातला दिवा पेटला.

"कोणी हात लावू नका," एवढंच ओरडून मी घरात पळाले आणि मेन स्विच खाली ओढला. चक्की घरघरत थांबली. अंगणात एकदम शांतता झाली.

बाहेर आले आणि तांब्या सासूबाईंच्या हातून काढून घेतला. "आई, ही आपल्या चक्कीची वीज आहे. ती मातीत जायला पाहिजे होती. गेली नाही. इथेच बसलीय."

"जायला काय झालं? माती तर हाय!"

"माती आहे, पण वृंदावनाच्या पोटातली. बाजूने चिरे, आतून गिलावा आणि खाली कातळ. ही माती जमिनीला लागतच नाही. मोठ्या कुंडीत वायर गाडल्यासारखं झालं."

सासूबाईंनी तुळशीकडे तोंड वळवलं. शेजारणीने वाटी उचलली आणि हळूच निघून गेली. मला भीती वाटली होती त्या घाबरतील अशी. पण त्या घाबरल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या. चार दिवस त्यांना वाटत होतं की आयुष्यभर घातलेल्या पाण्याला तुळशीने ओ दिली. आणि मी टेस्टर लावून ते मोडलं होतं.

"मांगर बंद," त्या म्हणाल्या आणि ओलेत्यानेच आत गेल्या.

मी आधी हाताशी असलेली कामं उरकली. तुळशीतली वायर कापून काढली. वायरमनला निरोप धाडला. तो दुपारी आला, सगळं ऐकलं, मोटार उघडली. नवीन भरलेल्या मोटारीच्या तोंडाशी वायरीचं कवच घासलं गेलं होतं आणि तांबं चक्कीच्या अंगाला टेकत होतं. मी चपला घालून कोरड्या फळीवर उभी राहायचे, म्हणून मला काही कळलं नव्हतं.

"पण वैनी, त्या दिवशी दिवा लागला होता हो," तो म्हणाला. "काकींच्या समोर लावला."

"लागला होता म्हणजे कसा लागला होता? पांढरा?" वीज मातीत नीट उतरत असली तरच दिवा पांढरा लागतो, हे मी रत्नागिरीत ऐकलं होतं.

त्याने पक्कड खिशात घातली. "जरासा लाल होता."

"काजव्याएवढा?"

"काजव्यापेक्षा मोठा होता!" तो म्हणाला, आणि मग आम्हा दोघांनाही हसू आलं. हसू आलं याचा मला रागही आला.

तुळशीचं लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. एरवी आम्ही घरातून वायर काढून अंगणात दिवे लावायचो. त्या वर्षी मेन बंद आणि मधोमध एक गॅसबत्ती. वाडी जमली, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. उसाच्या कांड्या वाटताना कोणीतरी विचारलं, "काकी, यंदा दिवे नायत?" मला वाटलं, आता सगळं निघतं बाहेर.

"तुळशीला बरं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "आता बरं हाय."

त्यांच्या त्या बोलण्यातून मला थोडा धीर आला. दुसऱ्या सकाळी मी पहार घेऊन घराभोवती फिरले. ओट्याखाली, विहिरीच्या वाटेवर, गोठ्यामागे. सगळीकडे वीतभर माती आणि खाली कातळ. शेवटी न्हाणीघरामागे गेले. न्हाणीचं पाणी तिथे केळींना जायचं, अळूही होतं. पहार मारली आणि ती लोण्यात शिरावी तशी गेली. अर्धी आत गेली तरी कातळ लागेना.

मागे सासूबाई उभ्या होत्या. कधी आल्या मला कळलं नव्हतं.

"लागायचा नाय," त्या म्हणाल्या. "घराचे चिरे इथनंच काढलेत. खाण होती ही. मी नवी नवरी आले तेव्हा हा नुसता खड्डा. पावसात बेडूक वरडायचे. सासऱ्यांनी सांगितलं, भरून काढ. खालच्या शेतातनं डोक्यावरनं माती आणलीय मी, हाऱ्याने. दोन उन्हाळे. मग केळी लावल्या."

मी पहार बाहेर काढली. मला पाहिजे ती जागा मिळाली होती. पाणी बारा महिने, माती खोल, आणि तळाशी ओल झिरपत खालच्या शेताकडे उतरणारी. पण ती जागा त्यांची होती. तिथल्या केळीच्या पानावर आमच्या घरातला प्रत्येक नैवेद्य वाढला गेला होता.

"आई, इथे खड्डा घ्यावा लागेल. ओल धरून ठेवायला कोळसा आणि मीठ घालावं लागेल."

"मीठ घातलंस तर केळ जगेल?"

"नाही. जवळची नाही जगणार."

त्या केळींकडे बघत होत्या. ज्या वायरीने त्यांना फसवलं तिच्यासाठी मी त्यांची केळ मागत होते, आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर त्यात त्यांचं काही चुकलं नसतं.

"या खेपेला दिवा मी बघणार," त्या म्हणाल्या. "लाल लागला तर मांगरात गवत. पांढरा लागला तर केळीचे मुनवे काढून पलीकडे लावू."

वायरमनने खड्डा घेतला. सासूबाई काठावर बसून माती बघत होत्या, आणि खालची काळी माती वर आली की बोटात चुरून सांगायच्या, "ही माझी." पाइप उभा केला, कोळसा आणि मिठाचे थर घातले, पाणी सोडलं. मग वायरमनने दिव्याची एक वायर बोर्डाला आणि दुसरी पाइपच्या पट्टीला लावली. दिवा लखकन लागला. घरातल्या दिव्याइतका पांढरा. त्याने वायर काढली, परत लावली. परत तेवढाच.

"काकी?" तो म्हणाला.

सासूबाई उठल्या, गुडघे झाडले आणि कोयती घेऊन केळीच्या बुंध्याशी बसल्या. बाजूला फुटलेले कोवळे मुनवे एकेक करून काढले आणि दगडी गडग्यापलीकडे नेऊन लावले. मला हात लावू दिला नाही.

पुढे सगळं यादीप्रमाणे झालं. मोटार दुरुस्त झाली. फ्यूज बदलला, मांगराला वेगळा मेन बसला. मांगराच्या छपरावर उंच सळी उभी राहिली, तिची पट्टी भिंतीच्या बाहेरून सरळ खाली आली आणि त्याच मातीत उतरली. खड्ड्यावर झाकण बसलं. दारावर मी पांढऱ्या रंगाने नियम लिहिले: गडगडलं की मेन बंद. लोखंड हातात नको. भिंतीला टेकू नये, दारात उभं राहू नये. माडाखाली जाऊ नये. ढग असताना न्हाणीकडे आणि केळींकडे कोणी फिरकू नये. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडून एकदा म्हणून घेतलं आणि नंतर कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईकडून म्हणून घ्यायला लागल्या. आमच्या मांगरात पीठ कसं चाळायचं हे नंतर शिकवलं जायचं, आधी दारावरचे नियम.

रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालून झालं की त्या मागे जायच्या, झाकण उचलायच्या आणि खड्ड्यात पाणी ओतायच्या. वैशाखात विहीर तळाला गेली की घरात पाण्याचा हिशेब चालायचा, कपडे नदीवर जायचे. पण खड्ड्याचं पाणी कधी चुकलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तिकडेच. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "माती माझी हाय. तिची तहान मला ठाऊक."

पुढच्या वर्षी आश्विनात दुपारी तसंच काळं झालं. आम्ही मांगरात होतो, कुळीथ खापरात भाजून नुकतेच उतरवलेले. पहिला गडगडाट झाला आणि सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "मेन!" मी मेन खाली ओढला. चाळण, उलथनं, सगळं खाली ठेवून आम्ही घरात आलो आणि भिंतीपासून दूर बसलो. सासूबाईंनी खुंटीवरची कोयती काढली. सवयच ती. दाराजवळ गेल्या, मागच्या बाजूला वाकून बघितलं. पत्र्यावर सळी उभी होती.

त्यांनी कोयती परत खुंटीला लावली, आतल्या बाजूला सरकून बसल्या आणि मांडीवर हात ठेवले.

त्या दुपारी वीज कुठे पडली ते कधी कळलं नाही. एकदा आभाळ अगदी डोक्यावर फुटलं, शेजारणीने माझा हात आवळला, सासूबाईंनी डोळे मिटले. मग पाऊस आला, आवाज डोंगरापलीकडे गेला, आणि पत्र्यावरचं पाणी थांबलं. कोणी उठेना. मी सासूबाईंकडे बघत होते.

"बसलीस काय?" त्या म्हणाल्या. "मेन वर कर. कुळीथ गार होतायत."